तांदळातला खडा

अप्पा पोंक्षे रिटायर झाले आणि त्या महिन्यात घरात दोन गोष्टी कायमच्या मुक्कामाला आल्या. एक म्हणजे स्वतः अप्पा, आणि दुसरं, दगड घासायचं यंत्र. दोहोंचं नक्की करायचं काय, हे कालिंदीबाईंना बरेच दिवस कळत नव्हतं.

यंत्र पाठवलं शंतनुने, म्हणजे त्यांच्या मुलाने, बंगळूरहून. बापाला काहीतरी छंद हवा, नाहीतर तो आईचं डोकं खाईल, हा त्यामागचा स्वच्छ हिशेब. तशी अप्पांना छंदांची हौस भारी. पेटी आणली, ती ‘सा’वर थांबली. बॉन्साय आणलं, ते खरोखरच वाढलं नाही. अप्पांच्या छंदाचं आयुष्य साधारण दुधाच्या पिशवीएवढं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

यंत्र म्हणजे काय, तर खाली मोटर आणि वर रबराचा आडवा डबा. त्यात दगड भरायचे, पाणी घालायचं, वाळूसारखी करकरीत पूड टाकायची आणि झाकण लावून द्यायचं सोडून. डबा रात्रंदिवस फिरत राहतो. पहिला आठवडा जाड पूड, दुसरा मध्यम, तिसरा बारीक, आणि चौथ्याला टाल्कम पावडरसारखी पांढरी. दर आठवड्याला सगळं स्वच्छ धुऊन पुन्हा भरायचं.

“म्हणजे महिनाभर हे गॅलरीत खर्र खर्र करणार?” कालिंदीबाईंनी विचारलं. “आणि शेवटी काय मिळणार?”

“गुळगुळीत दगड,” अप्पा म्हणाले.

“आणि आधी काय असणार?”

“दगडच. पण खडबडीत.”

कालिंदीबाईंनी मान डोलावली आणि त्या भाजी बघायला आत गेल्या.

अप्पांनी छत्तीस वर्षं विमा कंपनीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलेली. माहितीपुस्तक त्यांनी दोनदा वाचलं, खाली पेन्सिलीने रेघा मारल्या. त्यात लिहिलं होतं की डबा दोन तृतीयांश भरलाच पाहिजे, नाहीतर दगड एकमेकांवर आपटून फुटतात. सोबत आलेल्या पाकिटातल्या दगडांनी जेमतेम अर्धा भरला. आता दगड आणायचे कुठून? गिरगावात सकाळी सातला गरम जिलबी मिळेल, पण रस्त्यावर पडलेला एक धड दगड मिळायचा नाही. चौपाटीवर नुसती वाळू. बांधकामाची खडी कोपरे निघालेली, ती चालत नाही. हातात कापडी पिशवी घेऊन, मान खाली घालून अप्पा तीन दिवस हिंडले. काही हरवलंय का, असं लोकांनी विचारलं.

शेवटी धावून आला तो सॅम्युअल. सॅम्युअल पलीकडच्या वाडीतला, गोदीत फिटर होता, आणि अप्पांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने माशांच्या जुन्या टाकीतल्या अकरा गारगोट्या काढून दिल्या. मोजून चाळीस दगड झाले. तरी डबा बोटभर रिकामा.

“कर रे चालू,” सॅम्युअल म्हणाला. “आम्ही गोदीत लोखंडाची ओतीव कास्टिंगं अशीच ड्रममध्ये फिरवायचो. बोटभर कमी असलं म्हणून काय आकाश कोसळतंय?”

“दोन तृतीयांश म्हणजे दोन तृतीयांश,” अप्पा म्हणाले.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी कालिंदीबाई जिवतीचा कागद आणायला भुलेश्वरला गेल्या. जाताना रोजचं काम नेमून गेल्या. रिटायर झाल्यापासून तांदूळ निवडणं अप्पांकडे आलं होतं. अप्पांनी पत्र्याचा मोठा डबा पुढ्यात ओढला, तळाशी हात घालून मापटं भरायला गेले आणि बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर दगड. आवळ्याएवढा, तांबूस, अंगाला बारीक बारीक भोकं. वाण्याने हद्द केली, असं अप्पांच्या मनात आलं. एरवी त्यांनी तो तसाच दुकानात नेऊन वाण्याच्या गल्ल्यावर आपटला असता. पण डबा बोटभर रिकामा होता ना! दगड आत टाकला, आणि माप कसं चोख भरलं. त्यांनी आपल्या डायरीत नोंद केली: ‘क्र. ४१. तांबूस. प्राप्ती: तांदूळ.’ मग बटण दाबलं, आणि फिरणाऱ्या डब्यासमोर दोन तास स्टूल टाकून बसले. कालिंदीबाई परत आल्या तेव्हा दगडाची गोष्ट ते पार विसरून गेले होते.

आठ दिवसांनी झाकण उघडलं तर आत लालभडक चिखल. पुस्तकात लिहिलं होतं, राखाडी निघेल. अप्पांनी दगड धुऊन मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीस. त्या वेळी सॅम्युअल शेजारी उभा होता, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. अप्पांनी त्या खिशांकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

सॅम्युअलने चिखल दोन बोटांत चोळून पाहिला. “काहीतरी कच्चं घातलंस तू. विरघळलं ते. आणि हा गाळ मोरीत ओतू नकोस बाबा. सिमेंटसारखा बसतो. चारी मजले तुंबतील.”

म्हणून अप्पांनी तो गाळ श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून गॅलरीच्या फळीवर ठेवला. कालिंदीबाईंनी विचारलं, “आता हे काय?” अप्पा म्हणाले, “प्रक्रियेचा भाग आहे.” ऑफिसात हे वाक्य चालायचं.

पण एक मानायला हवं. या वेळी अप्पा थांबले नाहीत. पूड बदलली, डबा घासला, प्रत्येक दगड जुन्या टूथब्रशने धुतला. गणपती आले तरी आरतीच्या मागे खर्र खर्र चालूच. गौरींच्या आदल्या दिवशी अप्पांनी शेवटचं झाकण उघडलं, दगड पुसून वर्तमानपत्रावर मांडले आणि कालिंदीबाईंना हाक मारली.

त्या पदराला हात पुसत आल्या. एक दगड उचलून त्यांनी उजेडात धरला. आतली पांढरी रेघ झळकली.

“छान झालेत हो,” त्या म्हणाल्या. चेष्टा नाही, काही नाही, सरळ म्हणाल्या. अप्पांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

“बरं, उद्याचं लक्षात आहे ना?” कालिंदीबाई दगड खाली ठेवत म्हणाल्या. पोंक्ष्यांकडे खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, पाण्याकाठचे खडे आणायचे आणि त्यांनाच पुजायचं. “चार खडे आपण विहिरीवरून आणू. पाचवा आईचा, तो तांदळात आहे. तो मी उद्या आल्यावर काढेन. आज तांदळात हात घालू नका.”

अप्पांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. “आईचा?”

“आईचाच. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना तिने दिला नव्हता का? चिपळूणला आमच्या घरामागून वाहणाऱ्या पऱ्ह्यातला. चार बोळवायच्या आणि ती घरी राहते, तांदळात. चौतीस वर्षं गौरींसमोर बसून घावन-घाटलं खाताय. खडे कधी मोजले नाहीत?”

नव्हते मोजले. आयुष्यभर कागद मोजणाऱ्या माणसाने घरातले पाच खडे कधी मोजले नव्हते. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. चिपळूणचं घर मेव्हण्याने विकलं होतं. कालिंदीबाईंकडे माहेरचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि ते अप्पांनी दोन तृतीयांश माप भरायला वापरलं होतं. 

“दूध आणतो,” म्हणत ते निघाले आणि थेट सॅम्युअलच्या दारात गेले. सगळं सांगितलं. खिशांवर संशय घेतला होता तेही सांगून टाकलं.

“वाटलंच मला,” सॅम्युअल म्हणाला. “माझ्या खिशाकडे बघतोस म्हणजे माझ्या बायकोपेक्षा, त्या जसिंतापेक्षा वाईट.” मग उठून त्याने कुंडीतून एक तांबडा तुकडा काढला, झिजून गोल झालेल्या विटेचा. “हा ठेव तांदळात. कुणाला कळतंय?”

अप्पांनी तो खिशात घातला. नाही म्हणायला हवं होतं, पण घातला. रात्रभर तो खुंटीवरच्या सदऱ्यात होता आणि अप्पा जागे होते.

सकाळी कालिंदीबाई न्हाऊन, ठेवणीतली नारायणपेठ नेसून ताम्हन घेऊन निघाल्या. वाडीच्या विहिरीशी त्यांनी चार खडे वेचले, धुतले, ताम्हनात ठेवले. मग तोंडात पाण्याची चूळ धरली. खडे आणणारीने घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. चूळ धरली की बोलायचा मोह होत नाही. मागून कुणीतरी घंटा वाजवत यायचं. शंतनु इथे होता तोवर तो वाजवायचा, आता अप्पा.

विहिरीपासून जिन्यापर्यंत अप्पा नुसती घंटा वाजवत आले. डाव्या खिशात विटेचा तुकडा. पहिला मजला गेला. दुसरा सुरू झाला तेव्हा त्यांना एकदम उमगलं की बायको बोलू शकत नाही, असा प्रसंग वर्षातून एकदाच येतो. आणि पुढे तिसऱ्या मजल्यावर घर होतं.

“कालिंदी,” ते म्हणाले, “आईंचा खडा तांदळात नाही.”

ती चढत होती.

“मी काढला. वाण्याने घातलाय असं वाटलं मला. यंत्रात टाकला मी तो. जांभ्याचा होता गं, कच्चा होता, विरघळला. मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं. चौतीस वर्षं समोर होता.” घंटा वाजवायची राहिली, म्हणून त्यांनी मध्येच दोनदा वाजवली. “सॅम्युअलने विटेचा तुकडा दिलाय. खिशात आहे. तो मी तांदळात ठेवणार होतो. पण तो धरून तू नमस्कार केला असतास, ते मला बघवलं नसतं.”

दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. वळली नाही. ताम्हनातले खडे एकमेकांवर किणकिणले. अप्पांना तिची पाठ वाचता येईना. चौतीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती, जे असेल ते ती तोंडावर सांगून मोकळी व्हायची. मग ती पुन्हा चढू लागली.

उंबऱ्यात अप्पांनी तिच्या पावलांवर दूध-पाणी घातलं. निम्मं त्यांच्याच पायावर पडलं. वर पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. तिने खडे पाटावर ठेवले, पाचव्याची जागा मोकळी सोडली, मोरीत जाऊन चूळ टाकली. आता बोलायला काही हरकत नव्हती. तरी ती बोलली नाही. अप्पांना त्या वेळी चांगलं झापलेलं चाललं असतं.

मग तिने विचारलं, “गाळ कुठाय?”

अप्पांनी श्रीखंडाचा डबा आणला. गाळ वाळून भेगाळला होता. तिने बोट लावलं, बोट तांबडं झालं.

“आईने दिला तेव्हा लिंबाएवढा होता,” ती म्हणाली. “दरवर्षी न्हाऊ घालायची तर पाणी लाल व्हायचं. पुसायची तर फडक्याला डाग. गेली पाच-सहा वर्षं मी नुसते थेंब शिंपडत होते, चोळत नव्हते. कुणाला सांगितलं नाही. जाणारच होती ती. मला वाटायचं, माझ्यानंतर जाईल.”

 “चुकलं माझं,” अप्पा म्हणाले.

“चुकलंच.” तिने पळीभर पाणी गाळावर घातलं, एक गोळा काढला, तळहातावर फिरवून फिरवून गोल केला. हात पुरणाचा गोळा करावा तसे सवयीने चालत होते. “पण विटेचा तुकडा ठेवला असतात ना, तर मी चिपळूणला निघून गेले असते.”

“चिपळूणला आता कुठे...”

“हॉटेलात राहिले असते.”

ओला लाल गोळा चार खड्यांच्या शेजारी बसला. अप्पांनी आरती म्हणताना खडे मोजले. पाच होते. दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं वाढताना ती म्हणाली, “सावकाश जेवा हं. माझ्या माहेरचं अजून कुणी पोटात जायला नको.” सॅम्युअल प्रसादाला आला होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

तिसऱ्या दिवशी पाचही खडे चौपाटीच्या पाण्यात गेले. ती पाचवी पहिल्यांदाच बाकीच्यांबरोबर गेली. गोळा लाटेत सुटला, पाणी क्षणभर तांबूस दिसलं, आणि कालिंदी तिथे अंमळ जास्त वेळ उभी राहिली. अप्पा घंटा धरून मागे उभे होते. 

घरी आल्यावर तिने उरलेल्या गाळाच्या डब्याचं झाकण गच्च लावलं. अप्पांचा मार्कर मागून घेतला आणि वर ठळक लिहिलं: ‘आई. ह्यांनी हात लावू नये.’ मग तो डबा तांदळात खोल पुरून ठेवला आणि त्याच्या शेजारी, न विचारता, पांढऱ्या रेघेचा तो गुळगुळीत दगड ठेवला.

तांदूळ निवडायचं काम अजून अप्पांकडेच आहे.