कोट-ज्युरी

आमच्या विनिपेगच्या वास्तुकला शाळेत डिसेंबरच्या परीक्षेला पोरं 'कोट-ज्युरी' म्हणतात. मोठाल्या काचेच्या खिडक्यांचा तो जुना हॉल इतका गारठतो, की परीक्षकसुद्धा अंगावरचा कोट काढत नाहीत. पाडायचाच आहे म्हणून तिथं कोणी साधा खिळाही ठोकत नाही.

यंदा मी हट्टानं नवा विषय सुरू केला. नवं बांधायचं नाही, आहे ते टिकवायचं. घेतला एकट्या सिग्रिडनं. डीन पावलिकनी बजावलं होतं, "ती नापास, तर विषय बंद." तिचं तर वर्षच जाणार होतं.

आणि परीक्षक कोण, तर हॅलिडे! या हॉलच्या जागी येणारी नवी इमारत त्यांनीच आखलेली. चोराच्या हाती किल्ल्या.

भिंतीवर सिग्रिडचं एकच चित्र होतं.

"इमारत कुठंय?" हॅलिडेंनी विचारलं.

"तुम्ही बसलाय तीच, सर."

"अगं, चार वर्षं शिकलीस आणि काहीच बांधलं नाहीस?"

"या कोपऱ्यातल्या खिडक्यांना आतून दुसरी तावदानं लावली. भिंतीत भुसा भरला, फटी बुजवल्या."

"हे झालं सुतारकाम. वास्तुकला कुठंय?"

डीनांनी पेनाचं टोपण काढलं. ज्युरीत शिक्षकानं तोंड उघडायचं नाही, असा आमचा रिवाज. तो रिवाज सुरू करणाऱ्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सिग्रिडनं उलट विचारलं, "सर, तुमचा कोट कुठंय?"

हॅलिडेंनी खांदे चाचपले. कोट खुर्चीच्या पाठीवर होता. डीनांचाही. माझासुद्धा! कधी काढला, कळलंच नव्हतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेली पोरं मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून होती.

"आज ऊन आहे," हॅलिडे म्हणाले.

"बरं." तिनं आतली तावदानं एकेक करून उतरवली.

थंडी पायांतून वर चढू लागली. डीनांनी हात काखेत घातले. हॅलिडेंचं नाक लाल झालं, तरी गडी हलेना. शेवटी त्यांचा हात मागं गेला, कोटाला लागला आणि तिथंच थांबला.

"लाव बाई ती तावदानं!"

"आधी शेरा, सर."

तिचं धाडस बघून मलाच घाम फुटायचा बाकी होता.

"पास लिहा हो, पावलिक!" हॅलिडे ओरडले. "आणि लवकर लिहा!"

डीनांची बोटं इतकी आखडली होती, की पेन दोनदा खाली पडलं.