साबिराबाईंची पेटी आणि थांबलेलं पुस्तक

मित्रांनो, पत्र्याच्या पेटीने खाटेखाली निवांत पडून राहावं अशी जगाची रीत. मला ती कधी मानवली नाही. कारण मी साबिराबाईंची पेटी आहे, आणि साबिराबाईंना एका जागी बसणं ठाऊकच नाही.

भोरच्या बाजारात इब्राहीमचाचांनी मला घडवलं. साबिराबाई त्यांची पुतणी. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका शाळेवर त्यांची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली, तेव्हा चाचांनी पत्रा कापला, कडा ठोकून वळवल्या, कडी बसवली आणि हिरवा रंग दिला. "कपडे कमी ठेव, पुस्तकं जास्त ठेव," एवढंच ते म्हणाले. बाईंनी ते मनावर घेतलं.

शाळेच्या व्हरांड्यात मी उघडी असायची. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, वाचावं, परत ठेवावं. माझ्या झाकणावर बसून बसून पोरांनी माझा रंग पार घालवला, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एका पावसाळ्यात माझ्यातली सगळी पुस्तकं वाचून संपली. नवी येईनात, आणि मुलं ऐकेनात. तेव्हा बाईंनी वहीत स्वतःच एक गोष्ट लिहिली. मग दुसरी. अशा त्या लेखिका झाल्या. चार पुस्तकं निघाली, भोरला सत्कार झाला, शाल आणि नारळ माझ्यातूनच घरी आले.

बाई निवृत्त होऊन भोरच्या घरी परतल्या आणि माझेही दिवस फिरले. दोन वर्षं मी खाटेखाली होते. तळाला गंज धरला. बाई मात्र खाटेभोवती येरझारा घालायच्या. त्यांना बसून लिहिता येत नसे. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं, एक ओळ खोडायची. गॅसवर दूध उतू जायचं. शेवटी एके दिवशी त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, गंज घासला आणि नव्या गोष्टीचे कागद माझ्यात ठेवले. छापायच्या आधी गोष्ट मुलांना ऐकवायची, हा त्यांचा नेम होता.

ही गोष्ट होती सोनिया नावाच्या मुलीची. सोनिया तिसरीत असते, पण तिला वाचता येत नाही. दुसऱ्यांचं ऐकून ती धडा पाठ करते आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणते. एक दिवस गोष्टीतल्या बाईंच्या लक्षात येतं की तिनं पुस्तक उलटं धरलंय. सोनिया रडते. बाई तिला जवळ घेतात, शिकवतात. प्रकाशकांना ही गोष्ट फार आवडली होती. चित्रंही तयार होती.

आम्ही जुन्याच शाळेत गेलो. बाई वाचू लागल्या. मुलं ऐकत होती. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ही तर आपली स्नेहल." एका वेणीला निळी रिबन, दारातली काळी-पांढरी बांडी शेळी, गोष्टीत सगळं तेच. बाईंनी नाव तेवढं बदललं होतं. पोरं हसली. सहावीतली स्नेहल उठली, दप्तर घेतलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

हे शाळेतून फोनवर कळलं तेव्हा बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यांनी प्रकाशकांना छपाई थांबवायला सांगितलं. पलीकडचा माणूस समजावत होता, की मुलांच्या लक्षातही राहत नाही, नाव तर बदललंच आहे. बाई म्हणाल्या, "तिच्या लक्षात राहील." पुढचे दोन दिवस त्यांनी घरात किती फेऱ्या घातल्या, त्याला गणतीच नाही. शेळी बदलू का, रिबन काढू का, असं स्वतःशी बोलायच्या. मग खुर्चीत बसायच्या आणि लगेच उठायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही वेल्ह्याला गेलो आणि तिथून वाडीवर चालत. स्नेहलची आई बनाबाई दारात नाचणी पाखडत होती. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा सूप उचललं. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी आमच्या घरातल्याच. पर पोरीला लई लागलंय."

स्नेहल दाराआड उभी होती. बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कागद तुझे. फाडलेस तरी चालेल. छपाई मी थांबवली आहे, आणि तू नको म्हणालीस तर पुस्तक निघणार नाही."

मला तिथंच ठेवून त्या परत गेल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच माझ्याशिवाय घरी परतल्या. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चार दिवस स्नेहलनं मला हात लावला नाही. येता-जाता माझ्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी आई रानात गेल्यावर तिनं झाकण उघडलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, ती एकेक पान वाचत गेली. मधेच उठून अंगणात गेली, परत आली. मग तिनं पेन्सिल आणली.

आठवड्यानं बाई आल्या. स्नेहलनं कागद पुढे केले आणि त्या वाचू लागल्या.

"पुस्तक उलटं न्हवतं," स्नेहल म्हणाली. "सुलटंच होतं, पान चुकीचं होतं. आनि म्या रडले न्हाई."

बाईंनी मान हलवली. शेवटच्या पानावर पेन्सिलीची जाड रेघ होती. तिथं त्या थांबल्या.

"हे तर साफ खोटं हाय," स्नेहल म्हणाली. "तुमाला कळलं न्हवतं, बाई. सगळी गेल्यावर म्या तुमच्यापाशी आले. म्याच सांगितलं, मला वाचता येत न्हाई म्हनून."

बाईंनी कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "व्हय गं. तूच सांगितलंस." कायम पुस्तकी भाषा बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी तो 'व्हय' मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग आता काय करू? छापूच नको का?"

स्नेहलनं विचार केला. रिबन काढा म्हणाली, शेळी असू द्या म्हणाली, शेवट खरा लिहा म्हणाली. "छापा. पर आमच्या शाळेत तुमी वाचायचं न्हाई. म्या वाचनार."

पुस्तक दिवाळीनंतर निघालं. मुलांनो, माझ्यातून हवं ते घ्या, पण पानं जपून उलटा. आणि कधी कुणाची गोष्ट सांगावीशी वाटली, तर आधी त्याच्या दारात जाऊन विचारा. वाट चढाची असली तरी जा.

स्नेहल वाचणार होती त्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात होते. बाई शेवटच्या बाकामागे उभ्या होत्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. स्नेहल पुढे गेली, पुस्तक उघडलं, पान बरोबर आहे ना हे एकदा पाहिलं, आणि मोठ्यानं वाचू लागली. कुणी हसलं नाही.