टेकडीवरचा माझा जुळा भाऊ

मी एक जुना भूकंपमापक आहे. हल्ली भूकंप-संशोधन संस्थेच्या काचेच्या कपाटात बसून असतो. मित्रांनो, जाता-येता तुम्ही माझ्याकडे बघता, म्हणून म्हटलं, आपली हकिगत सांगावी.

एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघे जुळे भाऊ तयार झालो. पोटात इवलासा लोलक, आरसा, दिवा आणि फिल्मची गुंडाळी. एरवी आम्ही गप्प असायचो. जमीन हलली, की बॅटरीच्या जोरावर जागं व्हायचं आणि तिच्या हालचालीची रेघ फिल्मवर काढायची, एवढंच आमचं काम. भाऊ टेकडीवर, कातळावरच्या खोलीत गेला. मी नदीकाठच्या इस्पितळाच्या तळघरात आलो. तिथली जमीन गाळाची. शेजारी धुलाईखाना होता. तिथल्या मावशी इस्त्री केलेले अभ्रे माझ्या डोक्यावर रचून ठेवायच्या. "आमच्या ह्यांच्यासारखाच आहे, तोंडातून शब्द नाही," असं म्हणायच्या. त्या उबदार कपड्यांचा वास अजून आठवतो.

एकदा हलका धक्का बसला. आम्हाला तिथे बसवणाऱ्या संशोधक बाईंनी आमच्या दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या. भावाची रेघ जेमतेम थरथरली होती, माझी तिच्या तिप्पट उसळली होती. धक्का एकच, पण गाळाची जमीन तो वाढवत होती. दूरच्या मोठ्या भूकंपात इथली जमीन किती हलेल आणि तिच्यावरची ही इमारत किती हेलकावेल, याचा बाईंनी अंदाज बांधला आणि मोठ्या डॉक्टरांना तळघरात बोलावून घेतलं.

"इतकी वर्षं उभी आहे की इमारत," डॉक्टर म्हणाले.

"मोठा धक्का अजून आलेला नाही. वर बाळंतिणी असतात, डॉक्टर."

"खांबांचं काम काढलं तर वॉर्ड बंद ठेवावे लागतील. पेशंट कुठे पाठवू?"

"निम्मं आधी करू, निम्मं नंतर. पण करू या."

डॉक्टरांनी शेजारच्या खांबावर हात टेकला. "आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"तर मला आनंदच होईल," बाई म्हणाल्या.

खांबांवर नवं लोखंड आणि काँक्रीट चढलं. पुढे बाईंची बदली झाली. वर्षं गेली, जमीन हलली नाही. संस्थेचा तंत्रज्ञ माझी बॅटरी बदलायला यायचा, कारण मी वाटेवर होतो आणि मावशी चहा द्यायच्या. टेकडी चढायचा मात्र त्याला कंटाळा.

मग एका दुपारी तो मोठा भूकंप आला. मी जिवाच्या आकांताने रेघ काढत राहिलो. भिंतींचा गिलावा पडला, पण खांब हलले तरी मोडले नाहीत. वरून बाळांच्या रडण्याचा आवाज आला, तशा मावशी स्वतःही रडू लागल्या.

बातमी कळताच बाई बदलीच्या गावाहून धावत आल्या. केस पिकले होते. माझी रेघ त्यांच्या अंदाजाशी जवळजवळ जुळत होती. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि विचारलं, "टेकडीवरची फिल्म?"

तंत्रज्ञाने मान खाली घातली. "कोरी आहे, बाई. बॅटरी केव्हाच उतरली होती."

बाई रागावल्या नाहीत. "टेकडीवर आता घरं होतायत," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे जमीन किती हलली, हे त्या लोकांना मी कशाच्या आधारावर सांगू?"

मित्रांनो, एखादं यंत्र वर्षानुवर्षं गप्प दिसलं, म्हणून त्याला निकामी समजू नका. अधूनमधून त्याच्याकडे फेरी मारत जा. माझ्या भावाने जन्मभर त्या एका दिवसाची वाट पाहिली, आणि तो दिवस आला तेव्हा त्याला जागं होता आलं नाही.