नाक तेवढं सोडून

"झाडाला घालतोस तसंच घाल," साहेब फोनवर म्हणाले. "हळूहळू, मुळाशी."

"साहेब, याला मूळ नाहीये. डॉल्फिन आहे."

"मग अंदाजाने घाल." फोन बंद.

टँकरवाल्याला सगळे झारी म्हणत. दुभाजकावरच्या झुडपांना पाणी घालण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पाण्यावाचून त्याचं एकही झुडूप मेलं नव्हतं. मेली ती ट्रक अंगावर आल्याने. आज मात्र त्याचा टँकर किनाऱ्यावर उभा होता. मत्स्यखात्याने सांगितलं होतं, डॉल्फिन मासा नव्हे. वनखात्याने सांगितलं, समुद्र म्हणजे वन नव्हे. शेवटी ज्याच्याकडे पाणी आहे त्याने जावं, असं ठरलं. म्हणून झारी समुद्राशेजारी पाणी घेऊन आला.

डॉल्फिन वाळूत पडून घरघरत होता. केबिनमध्ये दुपारची डुलकी काढायची आपली चादर झारीने त्याच्यावर पांघरली आणि पाइप सोडला. सुरुवात डोक्यापासून, मायेने. डॉल्फिन जोरात फुरफुरला.

"आवडलं बघ त्याला," चहावाला म्हणाला.

झारी खूश झाला. आणखी घातलं.

एवढ्यात गुडघ्यापर्यंत बूट घातलेली जनावरांची डॉक्टर वाळूतून धावत आली. "काका, पाइप बाजूला घ्या! डोक्यावर नको, नाक आहे तिथे!"

"डोक्यावर नाक?"

"हो. श्वास तिथूनच घेतो तो."

नाक वर करून चालणारी माणसं झारीने कचेरीत पुष्कळ पाहिली होती. पण आज त्याला हसू आलं नाही. पाइप वाळूत नुसताच वाहत राहिला.

तिने डॉल्फिनचे डोळे पाहिले, तोंडातले फोड पाहिले. "विषाणू आहे. गोवराच्या भावकीतला. साथच आलीय त्यांच्यात."

"गोवर होय! आमच्या धाकटीला झाला होता की. टुणटुणीत आहे आता. द्या ना यालाही काहीतरी."

"याच्यावर औषध नाही, काका."

"मग बाकीच्यांना लस तरी?"

"कुणाकुणाला टोचू? समुद्र केवढा आहे."

सकाळच्या फेरीला आलेले दोन धट्टेकट्टे गृहस्थ पुढे सरसावले. "अहो, परत आत ढकलतो ना आम्ही. मघाशीही ढकललं होतं, पण पुन्हा बाहेरच येतोय, हट्टी."

"बुडेल तो. पोहायची ताकद संपली म्हणूनच बाहेर आलाय."

म्हणजे पाण्यातला जीव बुडायच्या भीतीने जमिनीवर आला होता, आणि सकाळपासून भली माणसं त्याला पाण्यात लोटत होती. दोघे आपापल्या बुटांकडे बघत निघून गेले.

डॉक्टरने त्रास कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. घरघर मंदावली, मग थांबली. "आता पाणी बंद केलंत तरी चालेल," ती म्हणाली. "क्रेन संध्याकाळी येईल. हात साबणाने धुवा." झारीने कॉक बंद केला.

"मॅडम, मी डोक्यावर घातलं, म्हणून तर..."

"नाही काका. फुप्फुसं आधीच गेली होती." तिने हे फार पटकन सांगितलं. वडिलांच्या वेळीही डॉक्टर असंच पटकन बोलले होते, हे झारीला आठवलं. तिला दुसऱ्या किनाऱ्यावरून फोन आला. तिथेही एक लागला होता. ती धावली.

मग झारीचाही फोन वाजला. बायको.

"जेवायला येताय ना? आणि ती चादर आणा धुवायला. वास मारतेय."

"ओली आहे."

"मग वाळवून आणा. तेवढंही सांगायचं का मी?"

चादर खरोखरच कडेने वाळायला लागली होती. चहावाला गेला, गर्दी पांगली. पाणी कधी थांबवायचं ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. झारीने पुन्हा कॉक उघडला आणि शेपटीकडून घालत आला, झाडाला घालतो तसं. डोक्यापाशी पोचल्यावर त्याने चादरीची कड दुमडली, पाइपच्या तोंडावर अंगठा धरून धार बारीक केली आणि भोवतीने पाणी घातलं, नाक तेवढं सोडून.