म्हणतात, सगळं ठीक आहे

मला परदेशी भाषा येते याचं आमच्या घरात कुणाला कधी फारसं कौतुक नव्हतं. पाहुणे आले की सासूबाई सांगायच्या, "ती दिवसभर फोनवर परक्या लोकांशी बोलते," आणि लगेच विषय बदलायच्या. काम तसं साधंच. त्या देशातल्या माणसांचं वॉशिंग मशीन बिघडलं की ते फोन करतात, तो फोन आमच्या ऑफिसात वाजतो आणि मी त्यांच्या भाषेत विचारते, पाणी खालून गळतंय की दारातून, आवाज कपडे पिळताना येतो की पाणी भरताना. लोक ओरडतात, मी ऐकून घेते. पगार ऐकून घेण्याचाच असतो.

मग अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हृदयाची झडप खराब निघाली. त्यांची छाती उघडायला आमचे डॉक्टर तयार नव्हते. छाती न उघडता झडप बदलणारा एक सर्जन होता, तो नेमका त्याच देशात. एका संध्याकाळी घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला पाचवा महिना लागला होता. दोनदा हातातोंडाशी आलेलं गेल्यानंतर हा महिना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमानप्रवासाला हरकत नाही. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अगं, तू नुसती बोलायला चल. कशाला हातसुद्धा लावू नकोस." नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. अडचणीच्या वेळी त्याची ती सवयच आहे.

निघण्याआधी मी हृदयाचे शब्द पाठ केले. झडप, ठोका, गुठळी, भूल. वॉशिंग मशीनवालीला हे कुठून येणार? भाजी निवडताना, केस विंचरताना मी ते पुटपुटत असायची आणि अण्णा हसायचे. "आमचे साहेब पोटातूनच फाडफाड बोलत बाहेर येणार." बाळाला ते साहेब म्हणत. मुलगी झाली तर, असं मी मुद्दाम विचारलं की म्हणत, "मग बाईसाहेब. रुबाब तोच."

त्या देशात पोचल्यावर आम्हा चौघांना हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. तिथल्या शेगडीला जाळ नव्हता, नुसती काळी काच. "तापली का गं ही मेली?" असं म्हणत आई तिच्यावर बोट टेकवायच्या आणि मग नळाखाली धरायच्या. बाहेर पाऊल टाकलं की सगळी वरात माझ्या मागे. औषधवाला मी, बस मी, लिफ्टसुद्धा मी. लिफ्टमधली एखादी बाई काही पुटपुटली तरी आईंना ते हवं असायचं.

"काय म्हणाली?"

"हवा गार आहे म्हणाली."

"एवढंच?"

मी मधलं मधलं गाळते असा त्यांना संशय होता. गाळायचीच मी, नाही असं नाही. जोखीम किती ते सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं. ते मी गिळलं आणि अण्णांना म्हटलं, "म्हणतात, सगळं ठीक होईल." अण्णांना मुळात ऑपरेशन नको होतं. ते तयार झाले ते केवळ साहेबांसाठी. "एकदा तोंड पाहू दे, मग झडप राहो नाहीतर जावो," असं ते सर्जनसमोर म्हणाले आणि ते मलाच त्याला सांगावं लागलं. माझ्या पोटाकडे बघून सर्जन हसला.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस साहेब गप्प झाले. प्रवासाचा शीण असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग एका सकाळी कपड्याला डाग दिसला. आईंना नेहमीची तपासणी म्हणून सांगितलं आणि आम्ही नवराबायको त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या इमारतीत गेलो.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, केस रबरबँडने घट्ट बांधलेले. तिने पोटावर गार जेल लावलं, यंत्र फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मग स्क्रीन स्वतःकडे वळवला. नवरा माझी पर्स मांडीवर घेऊन पायांशी स्टुलावर बसला होता. ती बोलायला लागली, अगदी हळू. त्या भाषेत माझ्याशी इतक्या हळू आजवर कुणी बोललं नव्हतं. ठोका नाही, ती म्हणाली. काही दिवस झाले असावेत. प्रवासाने झालेलं नाही, तुम्ही काही केलं म्हणूनही नाही. उद्याच भरती व्हा, थांबण्यात धोका आहे, आणि ताप आला तर असाल तशा निघून या.

मला एकही शब्द अडला नाही. अण्णांसाठी पाठ केलेला ठोका हा शब्द तिने माझ्यासाठी वापरला.

"काय म्हणतात?" नवऱ्याने विचारलं.

याला सांगितलं तर याच्या तोंडावर ते संध्याकाळपर्यंत दिसेल. अण्णा बघतील. मग ते काही टेबलावर चढायचे नाहीत, आणि असेच जातील. जेल पुसायला तिने दिलेला कागद माझ्या हातात होता, तेवढ्या वेळात मी हे ठरवलं.

"म्हणतात, सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "फक्त विश्रांती घ्या म्हणतात."

तो "बरं" म्हणाला. यांना सांगितलंत ना, असं डॉक्टरणीने मला विचारलं. मी हो म्हटलं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ऑपरेशनची तारीख एकदा पुढे गेली तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून रडले. आईंनी गल्लीतल्या दुकानातून लोकरीचे मोजे घेतले, अंगठ्याएवढे. लोकर टोचणार तर नाही ना, हे त्यांनी मला विचारायला लावलं. दुकानदारीण माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, पहिलंच का, अभिनंदन.

"काय म्हणाली?"

"टोचणार नाही म्हणाली."

मला त्या मोज्यांचा राग आला. आईंचा आला, अण्णांच्या झडपेचा आला. अण्णा रोज विचारायचे, "साहेब जेवले का?" आणि मी मान हलवायची. पोट तसंच पुढे होतं. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे, आणि मी बसायची.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अंगात कणकण होती. अण्णांच्या औषधांतली तापाची गोळी घेतली आणि गेले. श्वास धरा, हात हलवू नका, असं दारापर्यंत सांगत राहिले. "साहेबांना म्हणावं, आलोच," म्हणत अण्णा आत गेले. आणि खरंच आले. झडप बसली, सर्जनने माझा हात हातात घेऊन सांगितलं, आणि यावेळी मी एकही शब्द गाळला नाही. आई ढसाढसा रडल्या.

त्या अण्णांजवळ गेल्यावर मी नवऱ्याला बाहेरच्या खुर्च्यांकडे नेलं. माझे दात वाजत होते.

"आता ऐक. त्या दिवशी ती डॉक्टर..."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

"आपल्याकडे दर वेळी ठोका ऐकवायचे," तो म्हणाला. "इथे मशीनमधून आवाजच आला नाही. वर तिने स्क्रीन फिरवला. तेवढं कळायला भाषा कशाला लागते?"

"मग बोलला का नाहीस?"

तो पायातल्या बुटांकडे बघत राहिला. "अण्णांचं व्हायचं होतं. तू भरती झाली असतीस तर इथे बोललं कोण असतं? आईला येतं की मला येतं? तूच म्हणालीस ठीक आहे, म्हणून मला वाटलं काढशील एवढे दिवस. बाळ तर गेलंच होतं."

याला सोसवणार नाही म्हणून मी ते एकटीने पोटात ठेवलं होतं. आणि हा रात्री माझ्या शेजारी कूस बदलून झोपत होता, सगळं माहीत असताना. मला एकदाही जवळ घेतलं नाही, कारण जवळ घेतलं असतं तर मी बोलले असते. त्याच्या हिशेबात मी फक्त बोलण्यापुरती होते.

"मला ताप आहे," मी म्हटलं. "ताप आला तर धावत या म्हणाली होती ती. थांबण्यात धोका आहे म्हणाली होती."

"हे तू कुठे सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस?"

तो कपाळाला हात लावायला पुढे झाला. मी मान मागे घेतली आणि उठून नर्सकडे गेले. मग सगळी धावपळच झाली. तीच डॉक्टरीण आली. इतका उशीर का केलात, तिने विचारलं. मी अण्णांच्या दाराकडे बोट दाखवलं. तिने रक्त घेतलं, पोट दाबून पाहिलं आणि मला आधी एकटीला सांगितलं. मी मान डोलावली.

स्ट्रेचर दाराशी आलं तेव्हा नवरा धावत आला, मागून आई. "अगं, काय झालं? अण्णा शुद्धीवर आलेत, पहिला शब्द साहेब म्हणाले," आई म्हणाल्या.

डॉक्टरीण नवऱ्याकडे वळली. त्याला भाषा येत नाही हे ती विसरली असावी. तिने त्याला सगळं शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. विष गर्भपिशवीत पसरलंय. रक्त थांबलं नाही तर पिशवी काढावी लागेल. मग यांना पुन्हा मूल होणार नाही. जीव वाचवायचा प्रयत्न करू. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला सांगावं म्हणून.

"काय म्हणाली गं? सांग ना," नवरा म्हणाला. त्याने स्ट्रेचरची कड घट्ट धरली होती. "अगं, काय म्हणाली ती?"

मी काही सांगितलं नाही. नर्सने त्याचा हात कडेवरून सोडवला आणि मला आत नेलं.