दोन बोटं रुंद काळी पट्टी

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा धड आवाज काढत नव्हते. मग बाबांच्या गॅरेजात एक मोपेड आली. ती सुरू व्हायची आणि दोन मिनिटांत मान टाकायची. बाबांनी प्लग बदलला, वायर बदलली, डोकं खाजवलं. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून म्हटलं, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का बघा. बुजलं होतं. त्या दिवशी माझ्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो थांबेचना. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आधी हिला किक मारमारून सुरू करायला लागायचं, आता हिला बंद करायची चावीच सापडत नाही.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. शाळा सुटली की मी गॅरेजात. हाताला ग्रीस लागलेलं असलं की मी मुद्दाम धुवायचे नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाच्या तरी नजरेला पडावं म्हणून.

आमच्या गणिताच्या बाईंची स्कूटर गॅरेजात नेहमीची. बाईंचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. स्कूटर इवलीशी, पण मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली, त्यामुळे वजन भरपूर आणि इंजिन बिचारं तेवढंच. चढावर ती रडायची म्हणून बाबांनी तिला दुसऱ्या गाडीचा मोठा कार्बोरेटर आणि वर एक गोल उघडा फिल्टर बसवला होता. शाळेचा चढ बाई त्या स्कूटरवरून आरामात चढायच्या. वर आल्या की कुबडी काढायच्या आणि बावीस पायऱ्या एकट्या चढायच्या. मदतीला कुणी हात पुढे केला तर त्या हातात खडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, चल, फळ्यावरचं पहिलं उदाहरण तू सोडव. त्यामुळे कुणी हात पुढे करत नसे.

त्या शनिवारी स्कूटर धुवायला आली होती. बाबा सामान आणायला गेले होते, गॅरेजात मी एकटी. बाजूचं झाकण काढलं आणि मला फिल्टर दिसला. अर्ध्या भागावर दोन बोटं रुंद काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तेल-धुळीने माखलेली. मला वाटलं, कधीतरी फाटला असेल, तात्पुरती चिकटवली असेल आणि बाबा विसरले असतील. विसरतातच ते, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. मी पट्टी नखाने सोलून काढली. खाली फिल्टर धड होता. मग पेट्रोलने तो असा घासला की नवा वाटावा. सुरू केल्यावर आवाज एकदम मोकळा. समोरच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली, तर गाडी नुसती पळतेय. एवढी हवा कोंडून ठेवली होती बाबांनी, असं मी मनाशी म्हणाले आणि मला बाबांची थोडी कीव आली. आज हे लिहिताना कान तापतात, पण आली होती.

बाबा कुठलीही गाडी देण्याआधी एक गोष्ट करतात. ती चढावर पूर्ण ताणून नेतात, वर पोचताच इंजिन बंद करतात आणि प्लग काढून त्याचा रंग बघतात. काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर हवा जास्त, इंजिन तापणार. कॉफीसारखा असला तरच गाडी द्यायची. मला हे सगळं तोंडपाठ होतं. पण बाई दारात आल्या होत्या, आणि मला त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायची घाई झाली होती. मी म्हटलं, "बाई, मी ट्यून केलीय. आता बघा कशी उडते." त्यांनी अंगणात एक वळसा घातला आणि म्हणाल्या, "खरंच की गं."

रविवार मी हवेत घालवला. बाबांना काही सांगितलं नाही. सोमवारी बाईच वर्गात माझं नाव घेतील, मग ते बाबांच्या कानावर जाईल, असा माझा बेत होता.

सोमवारी सकाळी सायकलवरून चढाच्या पायथ्याशी आले तर अर्ध्या चढावर गर्दी. बाईंची स्कूटर बंद पडली होती. बंद म्हणजे इंजिन आतून धरलं होतं, मागचं चाक गच्च. दहावीची चार मुलं ती मागून उचलत, ढकलत वर नेत होती. एक जण जोर लावताना तोंडाने गाडीचा आवाज काढत होता आणि बाकीचे खिदळत होते. बाई सीटवर बसून होत्या, दोन्ही हात हँडलवर, मान ताठ, नजर समोर. त्या हातांत त्या दिवशी खडू नव्हता.

मी उतरून धावत जायला हवं होतं. मी शिंप्याच्या दुकानाजवळच्या बोळात सायकल वळवली आणि मागच्या फाटकाने शाळेत गेले. पहिल्या तासाला बाई आल्या, हजेरी घेतली. माझा 'हजर' तीन महिन्यांपूर्वीसारखा निघाला.

शाळा सुटल्यावर बाबा टेंपो घेऊन आले. बाई पायरीवर बसल्या होत्या, मी शेजारी उभी. बाबांनी बाजूचं झाकण काढलं. फिल्टर लखलखत होता. बाबांचा अंगठा त्याच्यावरून एकदा गोल फिरला, जिथे पट्टी असायची तिथे थांबला. आता ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. झाकण लावलं आणि म्हणाले, "चूक माझी, बाई. हवा बघायची राहिली."

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. त्या एवढंच म्हणाल्या की अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला या गाडीला हात लावू दिला नव्हता, आता विचार करावा लागेल. बाबांनी मान हलवली. आणि मी, जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता ती मी, तोंड शिवल्यासारखी उभी.

तीन दिवस बाबा त्या इंजिनाला बसले होते. पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर मांजराने ओरबाडावं तसे ओरखडे होते. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखं म्हणायचे, दहाचा पाना दे, फडकं दे, आणि मी द्यायचे. गुरुवारी त्यांनी कपाटातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, एक तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. फिल्टरवर बोट ठेवून म्हणाले, "इथून इथपर्यंत. पेट्रोल सोडणारा हिच्या मापाचा जेट मिळत नाही, म्हणून हवा कमी केलीय. ही जागा सापडायला चार दिवस लागले होते." मी पट्टी चिकटवली. एक सुरकुती पडली. ती त्यांनी अंगठ्याने सरळ केली.

मी विचारलं की चूक तुमची असं का सांगितलं. बाबा म्हणाले, "गाडी माझ्या गॅरेजातून गेली ना." आणि हात धुवायला उठले.

शुक्रवारी सकाळी आम्ही स्कूटर बाईंच्या घरी पोचवायला गेलो. बाईंनी चावी घेतली, आभार मानले आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी त्या स्टेशनजवळच्या गॅरेजात दाखवून बघतील, बाबांनी मनाला लावून घेऊ नये. बाबा म्हणाले, छे छे, आणि जायला वळले. अकरा वर्षं त्या दारातून उठून चालली होती आणि मला ते दिसत होतं.

"बाई, पट्टी मी काढली," मी म्हटलं. मग एकदाचं सगळं सांगितलं, घासलेला फिल्टर, सपाट रस्ता, न बघितलेला प्लग, शाबासकीची घाई. बाईंनी बाबांकडे बघितलं. बाबा चपलेने अंगणातला एक खडा सरकवत होते. बाबांना ते सोमवारीच कळलं होतं, हे बाईंनाही आता कळलं.

"एवढंच ना?" बाईंनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. सगळे तिथेच थांबायला तयार होते.

"सोमवारी मी तुम्हाला चढावर बघितलं होतं. मुलं ढकलत होती. मी बोळातून गेले."

बाबांनी मान वर केली. पट्टीचं त्यांना माहीत होतं, हे नव्हतं. पट्टीचं कळल्यावरही ज्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, ते आता माझ्याकडे बघत होते, आणि मला जमिनीत जागा हवी होती.

बाई म्हणाल्या, "ते मला माहीत नव्हतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं." मग कुबडी स्कूटरच्या हुकाला अडकवली, बसल्या, किल्ली फिरवली. "मागे बस. बंद पडली तर आज तू ढकलशील."

बाबांनी प्लगचा पाना माझ्या दप्तरात टाकला.

चढावर मुलं होतीच. सोमवारच्या चौघांपैकी एकाने तोंडाने गाडीचा आवाज काढला आणि मला मागच्या सीटवर बघून थांबला. मी कुणाकडे बघत नव्हते. मी फक्त इंजिन ऐकत होते, दोघींचं वजन घेऊन ते दमाने, एका सुरात वर जात होतं. फाटकाशी पोचल्यावर मी म्हटलं, "बाई, इथेच बंद करा." खाली उकिडवी बसले, रुमालात धरून प्लग काढला. बोटं भाजली.

"रंग काय?" बाईंनी वरून विचारलं.

मी प्लग रुमालासकट त्यांच्यापुढे धरला, म्हणजे त्यांना स्वतःला बघता येईल. बाईंनी चष्मा वर केला, वाकून तो कॉफीसारखा रंग नीट बघितला, आणि घंटा होईपर्यंत बघतच राहिल्या.