उचकीचं पाणी

मेलेल्या माणसाला उचकी लागते का? इतरांच्या घरचं माहीत नाही, पण आदिलाबादेत प्रयागबाईंच्या घरी लागायची. देवघराशेजारच्या फळीवर कुलदीपचा फोटो, त्याला चंदनी हार, आणि हाराखाली त्याचा जुना मोबाइल, चार्जरला कायमचा जोडलेला. महिन्यातून पाच-सहा वेळा त्यातून देवळातल्या घंटेचा आवाज यायचा. तो आला की प्रयागबाई हातातलं काम टाकून उठायच्या, माठाच्या तोटीखाली फुलपात्र धरायच्या आणि ते फोटोपुढे ठेवून म्हणायच्या, "घे बाबू, पानी पे. कोनीतरी आठवन काढली तुही."

खूळ म्हणाल तर खूळ. पण ते लावून दिलं होतं खुद्द कुलदीपनंच. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, आणि त्याची बायको प्रणिताही त्याच विभागात. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, कोळसा तुरटीच्या पाण्यात मुरवून माठात भरला की बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड निघून जातो, असा दोघांनी मिळून लिहिलेला पेपर परदेशी मासिकात छापून आला. आधी त्याचं नाव, मग तिचं. ज्या पऱ्हाट्या आपण चुलीत घालतो त्यांच्यावर गोऱ्यांनी कागद छापला याचं गल्लीला कोण कौतुक! पुढे जगातल्या लोकांनी आपापल्या पेपरांत त्याचा संदर्भ द्यायला सुरुवात केली, आणि दर संदर्भाला कुलदीपच्या मोबाइलवर घंटा वाजू लागली. आईनं विचारलं, हे काय रे वाजते? तो म्हणाला, "दूर कुणीतरी माझं नाव घेतलं, आई."

"म्हंजे उचकी लागल्यावानीच की."

"तसंच समज," तो हसला होता.

प्राध्यापक मंडळींत या उचक्यांना फार मान. कुणाला किती लागल्या यावर बढती ठरते, खुर्ची ठरते, चहा कुणी कुणाला पाजायचा तेही ठरतं. कुलदीपचा आकडा दोनशेच्या वर गेला तेव्हा प्राचार्यांनी स्वतः पेढे आणले. त्यानंतरच्याच पावसाळ्यात तापानं तो आठ दिवसांत गेला. माणूस थांबला, आकडा काही थांबला नाही.

प्रणिताला ती घंटा सहन होत नसे. मोबाइल बंद करावा असं तिला शंभरदा वाटलं, पण सासूच्या तोंडाकडे पाहून हात मागे यायचा. घंटा वाजली की क्षणभर तिला वाटायचं, हा आतल्या खोलीतून विचारील, "कुणी गं? कुठल्या देशातून?" मग फुलपात्राचा आवाज, मग माठाची टपटप. माठ त्याच्याच हातचा. घरात सगळे अजून त्याचंच पाणी पीत. त्याची आठवण घोटाघोटानं घ्यावी तशी.

आणि एक सल होताच. दहाव्याला पैनगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला नव्हता. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून जो तो पुढे होऊन शब्द देऊ लागला. प्रयागबाई म्हणाल्या, सुनेला लेकीवानी ठेवीन. कावळा जागचा हलला नाही. मामा म्हणाले, घराची गच्ची पुरी करू. कावळ्याला गच्चीचं काय! मग कुलदीपचा धाकटा भाऊ प्रवीण, बाजारात भाजीचं दुकान चालवणारा, हात जोडून रडत म्हणाला, "दादा, तुहं नाव खाली पडू देनार नाही. तलमडुगूकडच्या शाळेत तुहे माठ बसवतो, तुह्या नावानं." पिंडापासून हातभर अंतरावर येऊन बसलेला कावळा हे ऐकून उडाला, तो थेट नदीपलीकडच्या बाभळीवर. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. प्रणिता तेवढी गप्प होती. कुलदीपचं काय राहिलं, हे तिलाच ठाऊक नव्हतं, तर ती काय बोलणार?

ते तिला कळलं पुढल्या वर्षीच्या आषाढात, भर वर्गात.

कॉलेजला फ्लोराइड मोजायचं नवं मीटर आलं होतं, सोबत त्याच्या द्रावणाची सीलबंद बाटली. प्रणिताला वाटलं, मुलांना आपल्या सरांचाच माठ दाखवू. तिनं घरून दोन बाटल्या नेल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत माठाचं. फळ्यावर दोन रकाने आखले. बोअरच्या पाण्यात ते द्रावण घालून आकडा लिहिला. तसंच माठाचं पाणी लावलं, तर जवळजवळ तोच आकडा. मुलं एकमेकांकडे बघू लागली. तिनं मीटरची कांडी धुतली, पुन्हा लावलं. पुन्हा तोच. मग तिनं वर्ग सोडून दिला आणि स्टुलावर बसून राहिली.

असल्या मीटरची एक खोड आहे. पाण्यात तुरटीचा अंश असला की फ्लोराइड त्याला चिकटून बसतो आणि मीटरला दिसत नाही. असतो, पण दिसत नाही. म्हणून मोजण्याआधी पाण्यात एक द्रावण घालायचं, ते ही मिठी सोडवतं. पेपराच्या वेळी जुन्या मीटरसाठी तयार द्रावण मिळालं नव्हतं, तेव्हा दोघांनी ते प्रयोगशाळेतच बनवलं. त्यातला एक पदार्थ हैदराबादेहून आलाच नाही. "एवढ्यानं काय होतं," असं दोघंही म्हणाले आणि तो वगळून पुढे गेले. नेमका तोच मिठी सोडवणारा होता. माठातून तुरटी पाझरत होती, फ्लोराइड तिच्या पदराआड लपत होता, आणि दोघं नवराबायको पाणी शुद्ध झालं म्हणून टाळ्या वाजवत होती.

स्टुलावर बसल्या बसल्या प्रणिताला त्याचा शेवटचा महिना आठवला. त्यानं घरच्या माठाचं पाणी सोडलं होतं. कॉलेजातून नळाच्या पाण्याची बाटली भरून आणायचा. आई रुसली तेव्हा म्हणाला, "सांगतो आई, आधी एकदा तपासून घेऊ दे." आणि तापात कुणी ओठाला पेला लावला की तोंड फिरवून विचारायचा, "कोणतं पाणी? कोणतं आहे हे?" सगळ्यांना वाटलं, ताप डोक्यात गेला. तो शेवटपर्यंत शुद्धीत होता, हे तिला आता कळलं.

ती घरी आली तेव्हा घंटा वाजत होती आणि प्रयागबाई फुलपात्र घेऊन फळीकडे निघाल्या होत्या. प्रणितानं धावत जाऊन ते हातातून घेतलं आणि मोरीत उपडं केलं.

"काऊन वो? काय करून राह्यली तू?"

"ते पाणी त्यांना देऊ नका, आई. त्यांनी ते सोडलं होतं."

मग तिनं सगळं सांगितलं. मीटर, तुरटी, द्रावण. प्रयागबाईंना त्यातलं निम्मंही समजलं नसेल, पण जे समजायचं ते बरोब्बर समजलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मंग तापात 'कोन्तं पानी' म्हनून इचारे तो... अन् मी बळंच पाजलं व त्याले. अन् मेल्यावरबी थेच पाजून राह्यली."

"तापानं गेले ते, आई. पाण्यानं नाही."

"त्याले नोको होतं ना पन?"

संध्याकाळी दुकान बंद करून प्रवीण आला. ऐकून आधी तो संतापला, मग पांढरा पडला. त्यानं माठ बसवलेल्या शाळेतली लहान पोरं वर्षभर तेच पाणी पीत होती, आणि नवे दात येतानाच हा फ्लोराइड दातांवर खडूसारखे डाग पाडतो, पुढे हाडांत बसतो. दुसऱ्या दिवशी टेम्पो नेऊन त्यानं सगळे माठ उचलून आणले, मुख्याध्यापकांचे पाय धरले. पण पेपर मागे घ्यायचा विषय निघाला तेव्हा तो अडून बसला.

"पानी बंद झालं ना वहिनी, मंग पेपर काऊन मागं घेता? दादाचं काय उरलं आता? एक नावच तं उरलं. मी घाटावर सबद देल्ला त्याले."

प्रणिता म्हणाली, "दोनशेवर लोकांनी त्या पेपरावर भरवसा ठेवला, भाऊजी. त्यांतलं कोण कुठे माठ बांधत असेल, काय सांगावं?"

म्हणायला म्हणाली, पण मासिकाला लिहायला तिचाही हात धजेना. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही. तो असतो तिथेच राहतो, फक्त पानापानावर लाल अक्षरांत आडवं लिहितात, मागे घेतला. आणि खाली त्याचं नाव तसंच. नवऱ्याच्या कपाळावर हे आपल्या हातानं लिहायचं? कॉलेजनं प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं होतं, त्या पाटीखालून ती रोज जायची. आषाढ गेला, श्रावण गेला. फळीपुढे आता फुलपात्र नव्हतं. घंटा वाजायची आणि प्रयागबाई हात मांडीवर ठेवून नुसत्या ऐकत बसायच्या. कोरडी उचकी ऐकवत नाही हो.

पितृपक्षात त्याची तिथी आली. प्रयागबाईंनी वडे, खीर, भाजी, सगळं केलं. पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून तिघं उभी राहिली. कावळे समोरच्या तारेवर बसले होते, चांगले ओळीनं, लग्नाच्या पंगतीत रुसून बसलेल्या व्याह्यांसारखे. एकही खाली येईना. ऊन चढलं. प्रवीणनं पुन्हा हात जोडले, तशी प्रयागबाईंनी त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढलं.

"तू नोको बोलू. मागच्या बारीले तूच बोल्ला होता." मग त्या सुनेकडे वळल्या. "प्रणिता, तू बोल. घाटावर आमी सारे बोल्लो, तू चूप होती. त्याचं काय राह्यलं थे तुलेच ठाव हाय."

कावळ्यांकडे नाही, पानाकडे पाहत प्रणिता म्हणाली, "तुम्ही तपासून सांगणार होता. मी तपासलं. तुमचं नाव खाली पडेल. माझंही पडेल. पडू द्या. मी सांगते सगळ्यांना."

"तुह्या नावाले लागो आग," प्रयागबाई पानाकडे पाहून रडत म्हणाल्या, "तुले पानी भेटलं पायजे, बाबू."

प्रणितानं तिथंच कठड्याला टेकून मासिकाला मेल लिहिली. पाठवली आणि तिघं खाली आली. तासाभरानं प्रवीण वर गेला तर पान रिकामं होतं. कावळा की खार, की शेजाऱ्यांचं मांजर, कोण जाणे. प्रयागबाईंनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

थंडीत मासिकाचं उत्तर आलं. लाल अक्षरं पडली. प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी एका रविवारी गुपचूप उतरली, जागेवर चार खिळे राहिले. प्रवीण महिनाभर वहिनीशी बोलला नाही, नंतर एका दिवसापासून दुकानातून भाजी पाठवू लागला. घंटा आता बंद होईल असं सगळे धरून चालले होते, प्रणितासुद्धा.

संक्रांतीच्या सुमारास ती वाजली. मग पुन्हा वाजली. लाल अक्षरं न वाचताच लोक जुन्या यादीतून नाव उचलत होते. माणूस मेला, पेपर मेला, तरी नाव घेणारे घेतच होते. प्रणिता डोकं धरून बसली. "हे कधी संपायचं नाही, आई. मी असेन नसेन, हे वाजतच राहील."

प्रयागबाई उठल्या. माठ केव्हाच परसात पडला होता, त्यात आता तुळस होती. त्यांनी कॉलेजातून आणलेलं नळाचं पाणी फुलपात्रात घेतलं, फोटोपुढे ठेवलं, आणि चार्जरवरचा मोबाइल काढून सुनेच्या हातात दिला.

"कोन हाय थो? कुठचा हाय?"

प्रणितानं पाहिलं. "केनियातली एक बाई आहे. गावासाठी माठ बनवते."

"तिले लिव," प्रयागबाई म्हणाल्या. "आत्ता लिव. म्हनावं, त्याचीच माय सांगून राह्यली, थे पानी लेकराइले पाजू नोको."